दारातली शेजारीण

“तांदळाचा डबा बघू,” एकपानी म्हणाला.

रंगाऱ्याच्या बायकोने फळीवरचा डबा उतरवला आणि झाकण काढून त्याच्यापुढे धरला. तांदूळ काठोकाठ होते. मग पिठाचा डबा आला, डाळीचा आला, साखरेची बरणी आली. सगळं कसं भरलेलं. सकाळी काय खाल्लंत, असं त्याने विचारलं, तर ती म्हणाली, भात, डाळ, भाजी, आणि भाजी आमच्याकडे दोन्ही वेळा असते. खाटेवर पडलेल्या रंगाऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बायकोने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याने ते मिटलं. परांचीवरून पडून त्याचं कमरेचं हाड मोडलं होतं. जन्म गेला दुसऱ्यांची छतं गुळगुळीत करण्यात, आणि आता दिवसभर स्वतःच्या छताचे पोपडे बघत पडायची पाळी आली होती. शस्त्रक्रिया झाली तर तो चालणार होता, नाही झाली तर नाही.

दारात एक शेजारीण उभी होती. कडेवर मूल घ्यावं तसं तिने एक रिकामं पातेलं कमरेवर घेतलं होतं, आणि तिची नजर पाहुण्यावर नव्हती, डब्यांवर होती. अशा शेजारणी एकपानीला घरोघरी भेटत. दुसऱ्याच्या घरात डोकवायची लोकांना भारी हौस, असं तो मनातल्या मनात म्हणे. त्याने तिला उजेड सोडून उभं राहायला सांगितलं. ती जरा सरकली, पण गेली नाही.

जिना उतरतानाच त्याच्या डोक्यात वाक्य तयार झालं. या घराला ‘मेकिंग एन्ड्स मीट’ लागू होतं. ओढाताण आहे, पण उपास नाही. त्याला रंगाऱ्याचं वाईट वाटत होतं, पण वाईट वाटणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, हे त्याने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुतलेल्या चादरी वाळत घालायच्या तिथे, मदतनिधीची खोली होती. निधीचा पैसा समुद्रापलीकडून येई, आणि तो देणारी माणसं इंग्रजीशिवाय काही वाचत नसत. म्हणून ज्याला मदत हवी त्याच्या घरची हकीकत इंग्रजीत लिहायची, आणि तीही एका पानात. दुसरं पान उलटण्याइतका धीर दात्यांना नसतो, असं कुणीतरी कधीतरी ठरवून दिलं होतं. ही पानं लिहिता लिहिता त्याचे केस पिकले. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं, बाकी झाडूवालीपासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे त्याला एकपानी म्हणत. त्याला त्याचा राग नव्हता. जेवढं काम तेवढंच नाव, बरं आहे की, असं म्हणून तो हसण्यावारी नेई.

इंग्रजीत गरिबीला नावं पुष्कळ, आणि एकपानीच्या मते माणसं ती अंदाधुंद वापरतात. त्याचं तसं नव्हतं. त्याने प्रत्येक नावाची पायरी ठरवली होती. कालपर्यंत बरं चाललं होतं आणि आज हात आखडावा लागतो, ते ‘टाइटनिंग द बेल्ट’. पण पट्टा आवळायला आधी पोट हवं, हे विसरायचं नाही. महिन्याची सुरुवात आणि शेवट ओढूनताणून एकमेकांना भेटवायचे, ते ‘मेकिंग एन्ड्स मीट’. आज कमावलं तर आज खाल्लं, उद्याचं नाव काढायचं नाही, आपण ज्याला हातावर पोट म्हणतो, ते ‘हँड टू माउथ’. आणि अगदी तळाला ‘कीपिंग बॉडी अँड सोल टुगेदर’, म्हणजे देहात जीव नुसता अडकून राहिलेला. हे शेवटचं त्याने फार क्वचित लिहिलं होतं, आणि ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी तो घरी येऊन कुणाशी धड बोलला नव्हता. देवळातल्या उंदरांशी, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या उंदरांशी, गरिबाची तुलना करणारा वाक्प्रचार त्याने खोलीतून हद्दपारच केला होता. उंदराचं नाव आलं की वाचणारा गालातल्या गालात हसतो, आणि ज्याची हकीकत आहे तो माणूस तर खाटेवर कण्हत पडलेला असतो.

पायरी ठरवायची कशावरून, तर डब्यांवरून. माणसं रडून सांगतात किंवा लाजून लपवतात, डबा दोन्ही करत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून तो स्वतः घरी जाई आणि स्वैपाकघरात आधी शिरे. निधी वाटायच्या बैठकीत डॉक्टरीणबाई पान हातात घेत आणि सगळ्यात आधी त्यातला तो शब्दप्रयोग शोधत. खालच्या पायरीवरच्यांना आधी, वरच्यांना पैसे उरले तर. एकपानीच्या शब्दावर त्यांचा डोळे मिटून विश्वास होता, कारण इतक्या वर्षांत त्याने कुणाचं दुःख शब्दाने फुगवलं नव्हतं. एक पान फुगवलं की दुसऱ्या कुणाचं तरी पान खाली दबतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अलीकडे त्याच्या हाताखाली एक ताई आली होती. नवी म्हणायची ती खोलीला नवी. तिच्याही कानशिलावर पांढऱ्या बटा दिसू लागल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात तिने एका घराबद्दल लिहिलं की ही माणसं लांडग्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी झगडत आहेत. ‘कीपिंग द वुल्फ फ्रॉम द डोअर’. एकपानीने चष्मा कपाळावर सारला.

“ताई, सातव्या मजल्यावर लांडगा कशाला चढवलास गं?”

ती हसली, आणि मग त्याने तिला समजावून सांगितलं की शब्द वाईट नाही, पण जागा चुकली. लांडगा, म्हणजे भूक, दाराबाहेर असेपर्यंतच तसं लिहावं. त्या घरात तो केव्हाच आत येऊन बसला होता. ताईने ते वाक्य खोडलं, आणि त्या दिवसापासून ती त्याला साहेब म्हणायची ती काका म्हणू लागली. डबे कसे बघायचे तेही ती त्याच्याकडूनच शिकली.

घरी मात्र त्याच्या या विद्येला कुणी भाव देत नसे. बायको त्या सगळ्याला तुमची ती परदेशी गरिबी म्हणे. “आपली आपल्या भाषेत पुरत नाही वाटतं?” असं तिने एकदा विचारलं होतं. ती शिवणकाम करायची. मशीन चालवता चालवता गुणगुणायची, आणि धागा तुटला की गाणंही तिथेच सोडायची. मूलबाळ झालं नाही. त्याचं रडगाणं दोघांनीही कधी गायलं नाही. तिचा हट्ट एकच होता, तो म्हणजे आल्यागेल्याला घरातून रिकाम्या तोंडी जाऊ द्यायचं नाही.

मग तिला दम लागू लागला. आधी जिन्यात, मग मशीनवर, मग नुसतं बसल्या जागी. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हृदयाची झडप खराब झाली आहे, ती बदलावी लागेल, आणि फार वाट बघण्यात अर्थ नाही. मशीनवर कापड झाकून ठेवलं गेलं. औषधांनी आधी पोस्टातले पैसे खाल्ले, मग तिच्या हातातल्या बांगड्या खाल्ल्या, मग स्वैपाकघरात हात घातला. डब्यांचा तळ दिसू लागला. तिने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. ताटात त्याचं वाढायची आणि मी मघाशीच जेवले म्हणायची. पोटाला चिमटा घेणं दोघांनाही ठाऊक होतं. फक्त आपण घेतलेला चिमटा दुसऱ्याला दिसू नये एवढीच दोघांची धडपड असे.

रुग्णालयात काम करणाऱ्यांनाही निधीकडे अर्ज करता येई. नियम एवढाच होता की आपलं पान आपण लिहायचं नाही. ताई म्हणाली, “काका, मी लिहिते. पण तुम्ही शिकवलंय तसंच लिहिणार. घरी येऊन, डबे बघून.”

“मग कसं लिहिणार आणखी?” तो म्हणाला. त्याला तिचा अभिमानच वाटला. आपल्या डब्यांना कोणता शब्द लागू होतो हे त्याला न बघताच माहीत होतं. त्या सकाळी पिठाचा डबा त्याने स्वतः चमच्याने खरवडला होता. ‘हँड टू माउथ’, आणि तेही हात मागे पडू लागलेला. पहिल्यांदाच असं झालं होतं की खरं लिहिणं आणि घरच्या माणसाचं भलं होणं एकाच बाजूला उभं होतं.

तो बायकोला म्हणाला, उद्या दुपारी ताई येईल, ती डबे बघेल, तू काही धावपळ करू नकोस. बायको हूं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ताईला घेऊन घरी आला. बायको धुतलेले कपडे घालून, केस नीट बांधून खुर्चीत बसली होती, आणि उठताना तिने दम लागल्याचं कळू दिलं नाही. चहा झाला. त्यात साखर चांगली होती. ताई जरा संकोचून म्हणाली, “काकू, मला डबे बघायला लागतात हो. नियमच आहे.”

“बघा की,” बायको म्हणाली. “त्यात काय लपवायचंय?”

तिने पिठाचा डबा ओढला आणि झाकण काढलं. पीठ गळ्यापर्यंत होतं. वरून तळहाताने थापून सारखं केलेलं, तिची बोटं त्यावर उमटलेली. तांदूळ तसेच. डाळ तशीच. एकपानी भिंतीला टेकून उभा होता, तो तसाच राहिला. आदल्या सकाळी खरवडलेला डबा हाच होता, त्याच्या कडेला पडलेला पोचाही तोच होता. पीठ मात्र त्याच्या घरचं नव्हतं.

आणि मग त्याचं दाराकडे लक्ष गेलं. वरच्या मजल्यावरची वहिनी तिथे उभी होती. कमरेवर रिकामं पातेलं, त्याच्या आत एक छोटं भांडं. ती ताईकडे बघत नव्हती. ती डब्यांकडे बघत होती, आपल्या पिठाकडे, जे संध्याकाळी तिच्या पोरांना लागणार होतं.

त्याने बायकोकडे बघितलं. तिनेही त्याच्याकडे एकदा बघितलं, नुसतं बघितलं, आणि बोलायला उघडलेलं त्याचं तोंड मिटलं.

ताईने विचारलं, सकाळी काय खाल्लंत? बायकोने सगळं ताट सांगितलं, आणि भाजी दोन्ही वेळा असते असंही सांगितलं. ताईने सगळं लिहून घेतलं. तिला बरंही वाटलं असावं, कारण जाताना ती जिन्यात त्याला म्हणाली, “काका, काकूंनी घर किती नेटकं ठेवलंय.”

तो वर आला तेव्हा वहिनी पातेलं भरून निघाली होती. ती त्याच्याकडे न बघता बाजूने गेली. बायको पलंगावर बसून धापा टाकत होती. डबे उचलून ठेवण्यात तिची सगळी ताकद गेली होती.

“अगं, हे काय केलंस तू?”

“काय केलं? तुमच्या खोलीतलं माणूस घरी येणार होतं.”

“ती डबे बघायलाच येणार होती. मी तुला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंत म्हणून तर भरले.”

तो तिच्याजवळ बसला. त्याने तिला सगळं उलगडून सांगितलं, पायऱ्या, बैठक, खालच्यांना आधी आणि वरच्यांना मागून. ती ऐकत होती, पण ऐकून बदलेल असा तिचा चेहरा नव्हता. शेवटी तिने विचारलं, “तुम्ही इतकी वर्षं घरोघरी जाता. कुठल्या बाईनं तुम्हाला रिकामा डबा दाखवला?”

“दाखवला काहींनी.”

“ज्यांना मागायला शेजार नसेल त्यांनी.”

त्याच्या डोळ्यांपुढे दारं येऊ लागली. उजेड अडवून उभ्या राहिलेल्या बायका, कुणाच्या हातात परात, कुणाच्या हातात झाकणाचं भांडं, कुणाच्या कमरेवर पातेलं. एकीला तर तो चांगलाच बोलला होता, तुम्हाला घरी कामं नाहीत का म्हणून. ती बिचारी खाली मान घालून उभी राहिली होती, आणि ती का उभी आहे हे सांगायचं तिने टाळलं होतं. घरातली बाईही बोलली नव्हती. त्याने त्या घराचं पान किती अचूक लिहिलं होतं. शब्द अगदी जिथल्या तिथे. फक्त स्वैपाकघर दोन घरांचं होतं आणि पान त्याने एकाचं लिहिलं होतं.

“मी उद्या ताईला खरं सांगतो,” तो म्हणाला.

बायकोने त्याचा हात धरला. तिचा हात गार होता. “माझं काळीज आतून कसं फाटलंय ते डॉक्टरांनी चारचौघांना चित्र काढून दाखवलं. दाखवू दे. डबे तेवढे माझे राहू द्या.” आणि मग, त्याचा चेहरा बघून, नेहमीच्या चेष्टेच्या सुरात म्हणाली, “तुमचा शब्द कुठलाही असू दे. तुम्ही इतकी वर्षं तिथे बसलाय, तुमच्या बायकोला काय ते असंच सोडतील?”

दुसऱ्या दिवशी तो सांगायचं ठरवूनच खोलीत गेला. वाटेत त्याने वाक्यही जुळवलं होतं. ताईने पान तयार ठेवलं होतं. अक्षर वळणदार, समास सोडलेला, कुठे खाडाखोड नाही. तिने ते त्याच्यापुढे ठेवलं आणि मधल्या ओळीवर बोट ठेवलं. ‘मेकिंग एन्ड्स मीट’.

“काका, तुमच्या घरचं आहे म्हणून मी दोनदा विचार केला. खालचा शब्द घालावासा वाटला, खोटं कशाला बोलू? पण मग म्हटलं, तुम्हीच मला माफ करणार नाही. शब्द बरोबर आहे ना?”

त्याने पान हातात घेतलं. बायकोचा गार हात त्याला आठवला. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. डबे मागून आणलेले होते, असं एकदा म्हटलं की रंगाऱ्याचे डबे कुणाचे होते हा प्रश्न येणार होता, आणि त्याच्या आधीच्यांचे, आणि त्यांच्याही आधीच्यांचे. कपाटात पानांच्या चळती होत्या. एका वाक्यासरशी त्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या असत्या, आणि त्यांच्यापुढे उभं राहायचा त्याला धीर झाला नाही. बायकोच्या अब्रूच्या आड त्याने आपली भीती बेमालूम लपवली.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.

बैठक झाली. डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावून घेतलं, दार लावलं, खुर्ची दिली. या वेळी खालच्या पायरीवरची पानंच इतकी होती की पैसे तिथेच संपले. त्याचं पान त्यांनी पुढच्या बैठकीसाठी अगदी वर ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही समजून घ्याल हे मला ठाऊक आहे, तुमच्याइतकं हे कुणाला कळतं? त्याने मान हलवली. रंगाऱ्याचं पानही मागेच राहिलं होतं, ते त्याने टेबलावरच्या गठ्ठ्यात बघितलं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपल्याहून वाईट घरं होती ना? मग त्यांना मिळालं ते बरंच झालं.” त्याला हुंदका आला, तो त्याने खोकल्यात घालवला. आपल्याहून वाईट घरं कुठली होती आणि किती, हे त्याला आता सांगता येत नव्हतं.

पुढची बैठक यायच्या आत ती गेली. दुपारी चहासाठी आधण ठेवून ती शेगडीजवळच्या पाटावर बसली असावी, तो यायच्या वेळेला चहा तयार असावा म्हणून. तो जिना चढत असतानाच त्याला जळक्या भांड्याचा वास आला. पाणी आटून गेलं होतं आणि भांडं तांबडं झालं होतं. ती भिंतीला डोकं टेकून बसली होती, नुसती दम खायला बसावी तशी. त्याने आधी गॅस बंद केला. का ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही, पण त्याने आधी गॅस बंद केला आणि मग तिला हाक मारली.

दिवस गेले. येणारी जाणारी माणसं कमी झाली. एके संध्याकाळी तो पातेलंभर पीठ घेऊन वरच्या मजल्यावर गेला. तुमचं काही राहिलं असेल, असं काहीतरी पुटपुटला. वहिनी दारातच रडायला लागली. म्हणाली, काही राहिलं नाही, आणि माझ्याकडे पाहुणे यायचे तेव्हा मी कुणाचे डबे आणत होते असं वाटतं तुम्हाला? तो पीठ घेऊन परत खाली आला. आता औषधं नव्हती आणि खाणारं तोंड एकच होतं. डबे खरोखरच भरलेले होते. त्याला त्यांच्याकडे बघवेना म्हणून त्याने ते फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवले, जणू डब्यांना तोंड असतं.

कामावर पुन्हा रुजू झाला त्या दिवशी त्याने गठ्ठ्यातून रंगाऱ्याचं पान काढलं आणि ताईपुढे ठेवलं. हे मला पुन्हा लिहायचंय, असं म्हणाला. ताईने विचारलं, का, शब्द चुकला का?

“शब्द नाही चुकला. डबे त्यांचे नव्हते.”

“तुम्हाला कसं कळलं?”

तो चष्मा पुसत राहिला. ताई त्याच्याकडे बघत होती. मग तिच्या ध्यानात हळूहळू काहीतरी यायला लागलं, पिठावर उमटलेली बोटं, दारातली बाई, गोड चहा. तिचा चेहरा उतरला.

“काका,” ती म्हणाली, “तुमच्याही घरी?”

त्याने मान हलवली. ताईने तोंडावर हात घेतला. मला आधी का नाही सांगितलंत, असं ती म्हणू लागली, आणि मग तिला रडू आवरेना. त्याने तिची समजूत घातली नाही. तिचं काही चुकलं नव्हतं एवढं तो म्हणाला, आणि पिशवी घेऊन निघाला.

रंगाऱ्याच्या घराखाली आल्यावर तो थांबला. पूर्वी तो कधी वर्दी देत नसे. अचानक गेलं की खरं दिसतं, असं त्याला वाटायचं, आणि तरी गल्लीत शिरल्या शिरल्या त्याची बातमी त्याच्या आधी वर पोचत असणार. आज त्याने खालूनच मोठ्याने हाक दिली की रुग्णालयातून आलोय, वर येतोय, गुडघे दुखतात म्हणून वेळ लागेल. गुडघे दुखत नव्हते. वर कुणाची तरी लगबग ऐकू आली, एक दार वाजलं, मग दुसरं. तो कठड्याला टेकून उभा राहिला, आणि सगळं शांत झाल्यावर सावकाश चढला.

रंगारी तसाच खाटेवर होता, पूर्वीपेक्षा वाळलेला. शेजारीण दारातच होती, तीच ती, रिकामं पातेलं घेऊन. या वेळी त्याने तिला नमस्कार केला. ती गोंधळली आणि बाजूला झाली.

“डबे दाखवू ना?” रंगाऱ्याच्या बायकोने फळीकडे हात नेत विचारलं.

“नको. पाणी द्या.”

तो आत गेला नाही. उंबऱ्यावर बसला, स्वैपाकघराकडे पाठ करून, जिन्याकडे तोंड करून. कागद मांडीवर घेतला. कुठला शब्द लिहायचा ते त्याने येतानाच ठरवलं होतं, त्यासाठी आता काही बघायचं नव्हतं. तिथूनच तो रंगाऱ्याशी बोलू लागला, कुठली कुठली छतं रंगवलीत, सगळ्यात उंच कुठलं, खालून माणसं केवढी दिसायची. रंगारी आधी तुटक बोलत होता, मग त्याला रंगत आली आणि तो एका मोठ्या सभागृहाच्या घुमटाबद्दल सांगू लागला.

मागे बायका दबक्या आवाजात काहीतरी बोलल्या. शेजारणीला उशीर होत असावा. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, आणि मग तांदूळ पातेल्यात पडू लागले, हळूहळू, पाहुण्याला ऐकू जाऊ नयेत अशा बेताने.

त्याने रंगाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारला, जरा मोठ्या आवाजात, आणि तांदूळ पडायचे थांबेपर्यंत तो जिन्याकडे बघत बसून राहिला.